दूलोस म्हणजे गुलाम. ‘दास’ नव्हे!

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. दुकानं, बँका, दवाखाने, क्लासेस. रोज हजारो माणसं तिथून जातात. पण हे शरणपूर काय होतं, तिथं शरण कोण आलं होतं, असं विचारलं तर शंभरातले नव्वद गप्प बसतील. काळाराम मंदिर आपल्याला पाठ आहे, २ मार्च १९३० पाठ आहे, येवला पाठ आहे. पाठ असायलाच पाहिजे. पण याच शहरात खरेखुरे गुलाम, विकत घेतलेले आणि समुद्रातून सोडवून आणलेले गुलाम राहत होते, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

१८५० नंतरच्या वर्षांत चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं इथं ख्रिस्ती वसाहत उभी केली. तेच शरणपूर. त्या काळात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं. जहाजात पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेली पोरं सापडायची. ती मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली काही इथं नाशकात पोचायची. त्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणंवाचणं आणि बायबल शिकवलं जायचं. इंग्रज त्यांना म्हणायचे ‘नासिक बॉईज’.

यातले नऊजण डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत आफ्रिकेला गेले. मागून आणखी काही गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात मेला तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबनं. झाडावर नाव कोरलं तेही त्यानंच. प्रेत खांद्यावर घेऊन ही माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्याला आली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत साहेबाची शवपेटी नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा माजी गुलाम होता. दुसरा एक, मॅथ्यू वेलिंग्टन, मोंबासाला म्हातारा होऊन १९३५ साली वारला. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली त्याच वर्षी.

आता मुद्द्यावर या. या गुलामांच्या हातात जे बायबल दिलं त्यात गुलाम होता का?

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिलेला. त्यात एक शब्द सव्वाशेच्या आसपास वेळा येतो : दूलोस. अर्थ सरळ आहे. दुसऱ्याच्या मालकीचा माणूस. लढाईत पकडलेला, बाजारात विकत घेतलेला किंवा गुलामिणीच्या पोटी जन्मलेला. मालकानं मारलं तर दाद नाही, विकलं तर बायकापोरं तुटली. ग्रीक भाषेला दुसरे शब्द नव्हते असं नाही. मजुरीवर ठेवलेल्याला मिस्थिओस होता. वाढणाऱ्या, सेवा करणाऱ्याला दियाकोनोस होता. उधळ्या पोराच्या गोष्टीत उपाशी पोरगा म्हणतो, मला बापाच्या घरी मिस्थिओस म्हणून ठेवा. बाप मात्र हुकूम सोडतो तो दूलोसांना. एकाच गोष्टीत दोन शब्द. लिहिणाऱ्याला फरक ठाऊक होता. पगारी गडी वेगळा, विकतचा माणूस वेगळा.

१६११ च्या इंग्रजी बायबलनं काय केलं? जवळजवळ सगळीकडे ‘सर्व्हंट’. म्हणजे नोकर. गुलामाला इंग्रजीत जो ‘स्लेव्ह’ शब्द आहे तो त्या अख्ख्या ग्रंथात फक्त दोनदा सापडतो. त्यातला नव्या करारातला एक बघा. व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे : सोनं, चांदी, मोती, दारू, मैदा, गुरं, घोडे आणि माणसं. तिथं ग्रीकमध्ये दूलोस नाहीच. तिथं सोमाता आहे. सोमाता म्हणजे शरीरं, देह. बाजारात माणसाचं नाव हेच होतं. आणि पुढच्या शब्दांत लिहिणारा आठवण देतो की हे माणसांचे जीव आहेत.

मराठीत नवा करार १८११ साली बंगालातल्या सेरामपूरहून विल्यम कॅरीनं काढला. मदतीला पंडित. तेव्हापासून भाषांतरं सुधारत गेली, पण आजही देवळांत जी जुनी आवृत्ती वाचली जाते तिच्यात दूलोसला शब्द आहे ‘दास’. पौल ख्रिस्ताचा दास. दासांनो, धन्यांचं ऐका. येशूनं दासाचं रूप घेतलं. सगळीकडे दास.

आता कुणी संस्कृतवाला उठून म्हणेल, अहो, दास म्हणजे गुलामच की. बरोबर. अर्थशास्त्रात दास विकत घेतला जातो, गहाण पडतो. पालीतला दासही विकतचाच. पण मराठी माणसाच्या कानात काय वाजतं ते सांगा. रामदास. तुळशीदास. देवापुढे हात जोडून उभा असलेला, गळ्यात माळ घातलेला भक्त. भक्तीनं या शब्दाला इतकं तूप चोळलंय की त्यातला चाबूक कुणाला दिसत नाही. दास म्हटलं की मालक म्हणून देव उभा राहतो. गुलाम म्हटलं की मालक म्हणून माणूस उभा राहतो. सगळा घोटाळा इथं आहे.

नाशिककरांना याच्यासाठी लांब जायला नको. परंपरा सांगते की रामदासांनी इथं टाकळीला बारा वर्षं तप केलं. रामाचा दास! ब्राह्मणाला रामाचा दास व्हायला काही गमवावं लागत नाही. तो दागिना म्हणून घालता येतो, कारण त्याला माणसाचा दास कुणी करणार नसतं. आणि १९३० साली त्याच शहरात त्याच रामाच्या दारात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसं घेऊन उभे राहिले तेव्हा दार बंद. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुलामी केलेल्या माणसाला देवाचा दास होण्याचीही परवानगी नव्हती. म्हणून सांगतो, दास हा शब्द सगळ्यांना सारखा पडत नाही. ज्यानं गुलामी भोगली नाही त्याला तो शोभतो. ज्यानं भोगली त्याला तो गप्प बसवतो.

जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनऱ्यांची मराठी त्यांना माहीत होती, पंडितांचीही माहीत होती. १८७३ साली पुस्तक काढलं तेव्हा मुखपृष्ठावर कोणता शब्द टाकला? गुलामगिरी. अर्पण केलं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. म्हणजे तिकडची गुलामी आणि इकडची गुलामी एका ओळीत आणून ठेवली. शब्द घेतला रस्त्यावरचा, पत्त्याच्या डावातला. राजा, राणी, गुलाम. कुणालाच समजावून सांगायला नको.

गुलाम हा शब्दही कुठून आला बघा. अरबीत गुलाम म्हणजे मुलगा, पोरगा. ग्रीकमध्येही तेच : पाइस म्हणजे पोरगं, आणि पाइस म्हणजे घरचा गुलामही. रोमन सैन्यातला शताधिपती येशूकडे येतो तो मॅथ्यूच्या पुस्तकात आपल्या पाइससाठी. लूक तीच गोष्ट सांगताना दूलोस लिहितो. अमेरिकेत साठ वर्षांच्या काळ्या म्हाताऱ्याला गोरा हाक मारायचा ‘बॉय’. नाशिकचे बाप्ये लिव्हिंग्स्टनचं प्रेत वाहून नेतात आणि तरी ‘बॉईज’. आणि आपल्याकडे हॉटेलात टेबल पुसणारा पन्नाशीचा माणूस? ‘ए पोऱ्या, पाणी आण!’ चार भाषा, चार समुद्र, युक्ती एक. माणसाला मोठंच होऊ द्यायचं नाही.

आता यातून फायदा कुणाचा ते बघू. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं. वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी खास निवडक. जुन्या कराराचा बहुतेक भाग गायब. इजिप्तमधून गुलाम पळाले ती हकीकत गायब. गुलाम आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही असं पौल म्हणतो तेही गायब. धन्याचं ऐका, हे मात्र जागच्या जागी. ही कात्रीची पद्धत झाली. कात्री दिसते, पकडता येते. दुसरी पद्धत शब्दाची. त्यात काहीच कापावं लागत नाही. गुलामाच्या जागी नोकर ठेवा, दास ठेवा, काम झालं.

पौलाच्या पत्रात एक जागा आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात. पौल गुलामाला सांगतो, तुला मोकळं होता येत असेल तर ‘माल्लोन ख्रेसाय’. दोन शब्द. उलट वापरून घे. पण काय वापरून घे? ग्रीकमध्ये ते लिहिलेलंच नाही. स्वातंत्र्याची संधी वापर, की गुलामीच वापर? चौथ्या शतकातला मोठा धर्मगुरू ख्रिसोस्तोम म्हणाला, गुलामच राहा असा अर्थ. आज बरेच अभ्यासक म्हणतात, स्वातंत्र्य घे असा अर्थ. दोनच ओळी पुढं पौल बजावतो की माणसांचे गुलाम होऊ नका. मग अर्थ कुठं झुकतो ते तुम्हीच ठरवा. पण शेकडो वर्षं एका रिकाम्या जागेत ज्याला जे सोयीचं ते भरलं गेलं. व्याकरणाची गंमत नाही ही, दोस्तांनो. त्या जागेवर माणसांची आयुष्यं टांगलेली होती.

त्याच्याच आधीच्या ओळीत क्लेसिस शब्द आहे. म्हणजे हाक, बोलावणं. ज्या बोलावण्यात आहात त्यात राहा. मार्टिन लूथरच्या जर्मन बायबलच्या पुढच्या आवृत्त्यांत त्याला शब्द आला ‘बेरूफ’, जो धंद्यालाही चालतो. झालं! देवाची हाक जाऊन बापजाद्यांचा धंदा बसला. चांभारानं चांभार राहावं, तेच देवाचं बोलावणं. हे आपल्याला नवीन आहे का? स्वधर्म या नावाखाली आपण हेच हजार वर्षं ऐकलं.

काही ख्रिस्ती मित्र म्हणतात, अरे, दास शब्दात नम्रता आहे, ती का घालवतोस? मी उलट म्हणतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात येशूनं दूलोसचं रूप घेतलं असं आहे आणि लगेच पुढं क्रुसावरचं मरण आहे. रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची शिक्षा मानली जायची. गुलामाचं रूप आणि गुलामाचं मरण, दोन्ही एका धाग्यात आहेत. तिथं दास किंवा सेवक घातला तर धागा तुटतो. क्रूस मग भिंतीवरची शोभा होते. पौल स्वतःला ख्रिस्ताचा गुलाम म्हणवतो तेव्हा ऐकणाऱ्याला झटका बसला पाहिजे. बाजारात उभ्या केलेल्या गुलामाला ते ऐकून वाटलं पाहिजे की मग माझा हा दुसरा मालक कोण? फिलेमोनाला पौल लिहितो की ओनेसिम याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे. तिथं गुलाम शब्द नसेल तर भाऊ शब्दाला वजन कुठून येणार?

आणि दुसऱ्याच्या घरात बोट दाखवताना आपलंही घर झाडा. विनयपिटकात नियम आहे की दासाला प्रव्रज्या देऊ नये, तो मालकाकडून मोकळा झाला पाहिजे. तिथला दास म्हणजे भक्त नव्हे, विकतचा माणूस. हा नियम का आला, मालकांच्या ओरडीचा त्यात किती वाटा, हे आपण विचारलं पाहिजे. दास शब्दावरून गुळगुळीत होऊन पुढं जायचं नाही. ग्रंथ आपला असला तरी नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ ला त्या वारल्या, १९२४ ला ते छापून निघालं. मुक्ती मिशनच्या बायांनी छापलं. बाई माणूस हे करू शकते, साठीच्या उंबरठ्यावर करू शकते, तर विशीतल्या तुम्हाला काय धाड भरलीय? ग्रीक शिका, पाली शिका, संस्कृत शिका. शब्दकोश पंडिताच्या आणि पाद्र्याच्या कपाटात ठेवू नका. शरणपूरच्या आसपास वाढलेल्या ख्रिस्ती पोरांनी आपल्या मंडळीत उभं राहून विचारावं, नव्या आवृत्तीत दूलोसला गुलाम का नको? आणि आपल्या पोरांनी प्रत्येक पवित्र पुस्तकात दास दिसला की विचारावं : कुणाचा? किती किमतीला? आणि सुटला कधी?

उत्तर देवाचं नाव घेऊन आलं तर पुन्हा विचारा.