फुटबॉल सोडलेला खेळाडू, लांब पल्ल्याची धाव आणि आपला संशय



मागे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चार कास्तकार आणि दोन-तीन तरुण पोरे बोलत उभी होती. बोलणे कापसाच्या भावाचे निघायचे, ते निघाले फुटबॉलचे. एका पोराने मोबाईलवर एका जुन्या खेळाडूची हकीकत वाचून दाखविली. खेळातून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ बेचाळीस किलोमीटर धावू लागला आणि तेही तीन तासांत. ऐकणाऱ्यांतले एक काका लगेच म्हणाले, "सुई घेतली असन रे बाबू. नाही तं या वयात कोणाच्यानं होते?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसणे आम्हांला टोचत राहिले, म्हणून यावेळी खत आणि फवारणी बाजूला ठेवून याच विषयावर लिहीत आहो.

ती हकीकत स्पेनच्या लुईस एनरिके यांची. बार्सिलोना संघातून ते २००४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, निवृत्त झाले. २००५ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावले, पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला तीन तासांच्या अगदी काठावर आले, आणि २००७ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला तीन तासांच्या किंचित आत पोचले. त्याच वर्षी पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिन्ही कामे एका दिवसात करावयाची फ्रँकफर्टची शर्यत त्यांनी पुरी केली. २००८ मध्ये सहारा वाळवंटातली सुमारे अडीचशे किलोमीटरची, अनेक दिवस चालणारी शर्यतही केली. आता ते प्रशिक्षक आहेत. २०२५ मध्ये पॅरिसचा संघ युरोपचा विजेता झाला, तो त्यांच्याच हाताखाली. त्यांचे नाव आम्ही धावण्याच्या उदाहरणासाठी घेत आहो, संशयासाठी नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता काकांच्या शंकेचा हिशेब करू. तीन तासांत बेचाळीस किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला सव्वाचार मिनिटे. ऐकायला फार वाटते. पण केनियाचा केल्विन किप्टुम २०२३ मध्ये शिकागोला हेच अंतर दोन तास पस्तीस सेकंदांत धावला. म्हणजे आपला फुटबॉलवाला त्याच्यापेक्षा जवळजवळ एक तास मागे. नोकरीधंदा सांभाळून तीन तासांच्या आत धावणारे हौशी लोक जगात हजारोंनी आहेत. शिवाय मधल्या फळीतला व्यावसायिक फुटबॉलपटू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर पळतो, कधी चालत, कधी दुडक्या चालीने, कधी जीव तोडून. हे पंधरा वर्षे केलेल्या माणसाचे हृदय आणि फुप्फुसे काही निवृत्तीच्या दिवशी क्लबात जमा होत नाहीत. पटाचा बैल नांगराला जुंपला तर आधी धडपडतो, चाल विसरावी लागते त्याला. पण अंगातली ताकद त्याचीच असते. तसेच हे. म्हणून केवळ वेळ पाहून कोणाला चोर म्हणणे आम्हांला पटत नाही.

मेहनतीने माणूस एवढा कसा बदलतो, हे संत्र्याच्या कास्तकाराला वेगळे शिकवावे लागू नये. मृग बहार धरायचा तर आपण मे महिन्यात पाणी तोडतो. पाने मलूल होतात, झाड उदास दिसते, नवखा माणूस घाबरून पाणी सोडतो आणि बहार घालवून बसतो. ताण भारी जमिनीत जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत कमी. नंतर पाऊस मिळाला की झाड फुलाने भरते. शरीराचेही असेच आहे. मेहनतीचा ताण, मग विसावा आणि पोटभर अन्न, आणि ताकद वाढते ती त्या विसाव्यात. एका आठवड्यात अंतर थोडेच वाढवायचे. महिने लागतात, वर्षे लागतात. आणि दुसरा रस्ताही आपल्याला ठाऊक आहे. कोकणात आंब्याला पॅक्लोब्यूट्राझोल, म्हणजे कल्टार, घालतात. ते झाडाची शेंडेवाढ रोखते आणि मोहोर काढते. योग्य झाडाला, योग्य मात्रेत, भरपूर खतासोबत दिले तर चालतेही. पण कोवळ्या झाडाला किंवा उपाशी झाडाला दर वर्षी ओतले तर काय होते, ते त्या बागांतून फिरलेल्याला विचारावे.

मग संशय येतो कोठून? तो अगदीच हवेतून येत नाही, हेही खरे. २००६ साली स्पेनमध्ये पोलिसांनी एका डॉक्टरचे दवाखाने तपासले. त्याचे नाव युफेमियानो फुएन्तेस. तेथे खेळाडूंच्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या. स्वतःचेच रक्त काढून थंड जागी ठेवायचे आणि शर्यतीआधी परत अंगात चढवायचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि दम टिकतो, असा तो प्रकार. नावे बाहेर आली ती मुख्यतः सायकलपटूंची. डॉक्टरने मात्र कबूल केले की त्याच्याकडे इतर खेळांचे, फुटबॉलचेही, लोक येत. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी त्या पिशव्या नष्ट करण्याचा हुकूम दिला. २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवून पिशव्या तपास करणाऱ्यांकडे देण्यास सांगितले. तोवर दहा वर्षे गेली होती. आमचे मत असे की येथेच मोठा अन्याय झाला. नावे झाकून ठेवल्याने दोषी सुटले ते सुटलेच, वर प्रामाणिक खेळाडूही कायमचा संशयात राहिला. गावात चोरी झाली आणि पंचनामाच केला नाही, तर सगळ्या आळीवर डाग राहतो.

पूर्वी हीच कामगिरी रक्ताऐवजी इरिथ्रोपोएटिन नावाच्या औषधाने होऊ लागली. त्याला ई.पी.ओ. म्हणतात. आपले मूत्रपिंड हा पदार्थ स्वतः बनविते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याला डायलिसिसच्या वेळी ते औषध म्हणून देतात. त्या रोग्याला ते वरदान आहे. धडधाकट माणसाने घेतले तर रक्त दाट होते. त्यात उन्हात धावून अंगातले पाणी कमी झाले की गुठळी होऊन माणूस जागीच जाऊ शकतो. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ते तपासणीत पकडू लागले.

फुटबॉलवाल्याबद्दल आम्हांला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोळीची, आणि ती बंदीच्या यादीत नाही. २०१० च्या विश्वचषकात फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या डॉक्टरांनी पाहिले की दहातले जवळजवळ चार खेळाडू प्रत्येक सामन्याआधी दुखणे मारणारी गोळी घेत होते. हीच सवय घेऊन माणूस निवृत्त होतो, गुडघे आधीच झिजलेले असतात, आणि मग तो लांब धावू लागतो. उन्हात, घाम गाळत, पोटात डायक्लोफेनॅक. त्याने मूत्रपिंडावर घाव बसतो. डायक्लोफेनॅक आपल्याला नवे नाही. ते दिलेली जनावरे मेली, ती गिधाडांनी खाल्ली, आणि मूत्रपिंड निकामी होऊन आपल्या शिवारावरची गिधाडे नाहीशी झाली. २००६ मध्ये सरकारला ते जनावरांसाठी बंद करावे लागले. पाखराचे झाले ते माणसाचे अगदी तसेच होईल असे नाही, पण मुठीने गोळ्या खाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

दूरच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आपल्या देशाची पाटी काही कोरी नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले, म्हणजे शंभरात साडेतीनहून अधिक. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणीवाले आल्याची कुणकुण लागली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. त्याच मैदानाच्या शौचालयात सुया पडलेल्या दिसल्या. आपल्या महाराष्ट्रातली एक तरुण मुलगी डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या अर्ध्या मॅरेथॉनच्या तपासणीत अडकली आणि तिला चार वर्षांची बंदी झाली. तिचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्या वयाच्या मुलीपर्यंत ते औषध कोणी पोचविले, हा प्रश्न आम्हांला तिच्या नावाहून मोठा वाटतो.

आणि हाच प्रश्न सौंसर-पांढुर्ण्यात विचारावयाचा आहे. पहाटे पाचला रस्त्याने निघा. सौंसरहून रामाकोन्याकडे किंवा पांढुर्ण्याहून नागपूरच्या बाजूला जागोजागी आपली पोट्टी धावताना दिसतील. कोणाला पोलिसात जायचे आहे, कोणाला लष्करात. त्यांना बेचाळीस किलोमीटर नको आहे. आठशे मीटर, सोळाशे मीटर, एवढ्यावर घरादाराची आशा टांगलेली असते. दोन एकर वावर, संत्र्याला भाव नाही, बहिणीचे लग्न राहिलेले. अशा पोराला कोणी म्हणाले की ही सुई घे, दहा सेकंद कमी होतील, तर तो किती वेळ विचार करील? लुईस एनरिके यांना धावण्यावाचून काही अडले नव्हते. या पोराचे सगळेच अडले आहे. संशयी नजरेने पाहायचेच असेल तर या पोराकडे पाहू नये. सुई विकणाऱ्याकडे, पावतीशिवाय पावडरचा डबा देणाऱ्याकडे आणि दम वाढतो म्हणून सांगणाऱ्या अर्धवट कोचाकडे पाहावे.

स्टेरॉईड या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात, हेही घरच्यांनी समजून घ्यावे. एक स्नायू फुगविणारे. त्याने तरुण पोराचे वृषण आक्रसतात, यकृत बिघडते, हृदयाचा स्नायू जाड होतो. दुसरे डेक्सामेथासोनसारखे. अंगदुखीवर खेड्यापाड्यात सर्रास टोचले जाते, आणि लागलीच हुशारी वाटते म्हणून लोक पुन्हा मागतात. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि स्पर्धेच्या वेळी तीही सुई बंदीत येते. साध्या रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच. केनियाची रूथ चेपनगेटिच, जिने २०२४ मध्ये शिकागोला स्त्रियांचा मॅरेथॉनचा विक्रम केला, ती पुढच्या वर्षी हायड्रोक्लोरोथायाझाईडसाठी अडकली आणि तिला तीन वर्षांची बंदी झाली. घरकामाच्या बाईची गोळी घेतली, असे तिने सांगितले होते. खरेखोटे तिला ठाऊक. आपल्याकडे मात्र शेजारणीची गोळी घेणे ही रोजचीच गोष्ट आहे. बाटलीत काय आहे हे न विचारण्याची किंमत आपल्या भागाने २०२५ मध्ये मोजली. छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधात विष निघाले आणि विसाहून अधिक लेकरे गेली. ती तर डॉक्टरच्या चिठ्ठीची बाटली होती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायाच्या भरतीत एका तासात दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. लगेच बोलणे सुरू झाले की पोरांनीच काहीतरी घेतले असेल. कोणी घेतलेही असेल. पण ऊन, दमट हवा आणि न तपासलेले शरीर यांना कोणी विचारायचे? संशय अशा वेळी वरच्यांच्या सोयीचा होतो. मेलेला पोरगा साक्ष द्यायला येत नाही.

आपल्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. ज्याच्या रक्तात हा दोष अर्धा असतो, म्हणजे कार्डावर ए.एस. लिहिलेले असते, तो रोजच्या कामात ठणठणीत असतो. वावरात दिवसभर राबतो. पण सवय नसताना, उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावून धावला तर त्याचे स्नायू फुटून तो कोसळू शकतो. त्याने धावूच नये असे नाही. हळूहळू वाढवावे, पाणी पीत राहावे, पोटऱ्या-मांड्या गच्च दुखू लागल्या की थांबावे, आणि कोचाला आधी सांगून ठेवावे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोलला त्यासाठीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात, दोष दिसला तर पुढची तपासणी करून कार्ड देतात. पोळा झाला की भरतीवाली पोरे जोराने धावू लागतात. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हे कार्ड काढून घ्यावे. जाताना घरातला पावडरचा डबाही सोबत न्यावा आणि तेथल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.