मूल वाढते, कागद तिथेच राहतो

खुला किंवा तलाक होताना काझीसाहेब आणि जमातीच्या चार माणसांसमोर मुलाचेही ठरते. मूल अम्मीकडे राहील, रविवारी अब्बा भेटतील. तेव्हा मूल तीन वर्षांचे असते. ते दहाचे होईपर्यंत शाळा, मदरसा, मित्र सगळे बदलते, कागद मात्र तोच. मग एखाद्या ईदच्या सुट्टीत मूल दुसऱ्या घरी जाते आणि परत पाठवले जात नाही. आम्हा शिक्षकांना हे जूनमध्ये कळते. एक पालक शाळेचा दाखला मागतो, दुसरा देऊ नका म्हणतो आणि मूल दाराशी खाली मान घालून उभे असते.

हनफी मतात मुलाची हिजानत सात वर्षांपर्यंत आईकडे, मुलीची वयात येईपर्यंत. कोकणातील बहुतेक घरे शाफई. तिथे समज आलेल्या मुलाला निवड करू देतात. पण वाढदिवस झाला म्हणून कुणीही मूल उचलून न्यावे, असा याचा अर्थ नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ शरीअत विचारात घेऊन मुलाचे हित पाहायला सांगते. समजत्या मुलाची इच्छाही न्यायाधीश विचारू शकतात. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केले आहे.

मग करायचे काय? आधी मशविरा. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध तोडण्यासारखी गोष्टही आईबापांनी सल्ल्याने, राजीखुशीने ठरवावी असे आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये, असेही तिथेच आहे. जे ठरेल ते लिहून, मूल राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात दाखल करावे. जमातीचा कागद उपयोगी आहे, पण तो न्यायालयाचा आदेश नव्हे.

नफका थकला म्हणून भेट बंद करू नये. भेट मिळत नाही म्हणून नफकाही थांबवू नये. मूल आईकडे असले तरी खर्चाची जबाबदारी बापाचीच, हे १९९७ च्या नूर सबा खातून निकालातही आले आहे.

आणि भगिनींनो, बंधूंनो, नातेवाइकांच्या घोळक्यात मुलाला “अम्मी हवी की अब्बा?” असे विचारू नका. त्याला दोघेही हवे असतात. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी दोघांनी एकदा बसावे आणि त्या वर्षापुरते मुलाला काय हवे, एवढेच बोलावे.