गडसरच्या वाटेचे मूळ मालक

काश्मीरमध्ये सोनमर्गजवळून निघून नारानागला उतरणारा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा डोंगरमार्ग आज ‘ग्रेट लेक्स ट्रेक’ म्हणून ओळखला जातो. निचनई, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल अशा खिंडी आणि तळी मागे टाकत आठवडाभरात तो पुरा होतो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच ही वाट मोकळी असते. त्या दिवसांत तंबूंच्या रांगांमधून पुण्या-ठाण्याचं मराठी सहज कानावर पडतं. सह्याद्रीत तयार झालेले पाय हिमालयात जातात ही आनंदाचीच गोष्ट आहे, मीही त्यातलाच एक. माझी तक्रार चालणाऱ्यांबद्दल नाही. ही वाट ज्या शब्दांत विकली जाते, त्या शब्दांबद्दल आहे. माहितीपत्रकं, व्हिडिओ, रविवारच्या पुरवण्या, सगळीकडे हा प्रदेश ‘निर्मनुष्य’ आणि ‘अस्पर्श’ असतो. तो तसा नाही. तिथे माणसं राहतात, वर्षातले तीन-चार महिने राहतात, पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांना बकरवाल म्हणतात. ती मुसलमान आहेत, ही गोष्ट या ब्लॉगच्या वाचकांना महत्त्वाची वाटेल. पण त्याआधी ती मेंढपाळ आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

हिवाळ्यात बकरवाल जम्मूच्या बाजूला राजौरी, रियासी, कठुआच्या कमी उंचीच्या डोंगरांत असतात. एप्रिलच्या सुमारास शेळ्यामेंढ्या, घोडे, कुत्री, भांडीकुंडी, म्हातारे आणि तान्ही मुलं घेऊन कुटुंबं निघतात. पीर पंजालची रांग ओलांडून काश्मीरच्या उंच कुरणांत पोहोचतात आणि थंडी पडू लागली की त्याच वाटेने परततात. पीर की गली ही त्यांच्या वापरातली एक खिंड साधारण 3,490 मीटरवर आहे. मोगल बादशहा काश्मीरला याच वाटेने जात म्हणून आपण तिला मोगल रोड म्हणतो. बादशहा गेले, कळप अजून जातात. एका फेरीला कित्येक आठवडे लागतात आणि वर्षाला अशा दोन फेऱ्या होतात. आपण एक खिंड चढून प्रमाणपत्र घेतो, म्हणून हा हिशेब मांडला.

विशनसर ते गडसर हा त्या मार्गातला सर्वांत मोठा दिवस. विशनसरचं तळं सुमारे 3,700 मीटरवर आहे. किशनगंगा नदी इथे उगम पावते, गुरेझमधून वाहत नियंत्रणरेषा ओलांडते, पलीकडे तिचं नाव नीलम होतं आणि मुझफ्फराबादला ती झेलमला मिळते. नियंत्रणरेषा नदीला अडवत नाही. सकाळी तळ्याच्या काठाने निघालं की वर किशनसर लागतं आणि तिथून खिंडीचा चढ अंगावर येतो. आपल्याकडच्या गडाच्या चढासारखा तो नाही. पायऱ्या नाहीत, झाडाचा आधार नाही. कळपांच्या खुरांनी घासून झालेली एक बारीक रेघ डोंगराच्या अंगावर आडवी-तिडवी वर जाते, आणि पाय ठेवला की घसाऱ्यातले दगड खाली सरकतात. खिंड सुमारे 4,200 मीटरवर आहे. त्या उंचीवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम साठ टक्के असतो. वीस पावलं, मग थांबा. पुन्हा वीस पावलं. बोलणं आपोआप बंद होतं, आणि पुण्याच्या मंडळींचं बोलणं बंद होणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

चढाच्या मध्यावर वरून एक कळप उतरत आला. आम्ही डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहिलो. दीडेकशे शेळ्यामेंढ्या, मागे दोन मोठे कुत्रे, त्यांच्या मागे प्लास्टिकचे बूट घातलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी. तिच्या हातात काठी आणि खांद्यावर लंगडणारं करडू. तिने वेग कमी केला नाही, फक्त ‘सलाम’ म्हणून पुढे गेली. आमच्यातल्या दोघांनी फोन काढले, तेव्हा तिने तोंड फिरवलं. आमच्या पायांत काही हजारांचे बूट होते, हातात दोन-दोन काठ्या, आणि आमचं सामान घोड्यांवर. मला काय वाटलं ते जाऊ द्या. पण वाट तिची होती आणि बाजूला व्हायचं होतं ते आम्ही, हे सरळ दिसत होतं.

खिंडीवरून मागे वळलं की विशनसर आणि किशनसर एकाच नजरेत मावतात, आणि पुढे गडसरचं खोरं उघडतं. उतार लांब आणि गुडघ्यांचा अंत पाहणारा आहे. खाली फुलांनी भरलेली कुरणं लागतात, त्यांच्या कडेला दगड, लाकूड आणि माती रचून केलेले बुटके कोठे. या उन्हाळी वस्तीला ढोक म्हणतात. एका कोठ्यापुढे आम्हाला मिठाचा चहा आणि मक्याची भाकरी मिळाली. यजमानांची गोजरी आम्हाला कळेना, आमचं दखनी वळणाचं हिंदी त्यांना कळेना, तरी मुलं किती, मेंढ्या किती, पाऊस कसा, एवढं व्यवस्थित बोलणं झालं. नमाजची वेळ झाली तेव्हा यजमान आणि मी दोघांनी चाराच्या दोनच रकात पढल्या. शरीयतने मुसाफिराला ही सवलत दिली आहे. मी पंधरा दिवसांचा मुसाफिर होतो. पण ज्याचं घरच वर्षातून दोनदा चालू लागतं, तो मुकाम कुठे समजत असेल? फिक्हच्या जुन्या पुस्तकांत तंबूंत राहणाऱ्या भटक्यांच्या नमाजची चर्चा आहे. आमच्या मदरशांत हे मसले शिकवतात, पण ते आज कोणाला लागू होतात हे दाखवायला मुलांना कोणी ढोकवर नेत नाही.

त्या संध्याकाळी गडसरच्या लष्करी चौकीवर आम्ही ओळखपत्रं दाखवली. पाच मिनिटांचं काम. आमच्यासाठी ती एक नोंद होती, बकरवालांसाठी अशी चौकशी हा सगळ्या मोसमाचा भाग आहे. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. 1965च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरल्याची खबर तंगमर्गच्या बाजूच्या एका गुज्जर तरुणाने दिली होती. गुज्जर आणि बकरवाल एकाच भाषेचे, एकमेकांचे जवळचे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात 26 जण मारले गेले, त्यांत एक स्थानिक मुसलमान घोडेवाला होता. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर डोंगरात राहणाऱ्या माणसावरचाच संशय वाढतो आणि त्याचंच कुरण आधी बंद होतं. 2018मध्ये कठुआत बकरवालांच्या आठ वर्षांच्या मुलीवर जे झालं, ते तर देशाला ठाऊक आहे. आरोपींच्या बाजूने मोर्चे निघाले, हेही ठाऊक आहे. त्या समाजाला त्या भागातून हुसकावण्यासाठी तो गुन्हा केला गेला, असं आरोपपत्रात म्हटलं होतं. म्हणजे तिथेही प्रश्न जमिनीचा आणि चराईचाच होता.

बकरवालांना 1991मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जंगलावरचा पारंपरिक हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा देशात 2006चा, पण जम्मू-काश्मीरमध्ये तो 2019नंतरच लागू झाला. या कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. कागदावर तर सगळं ठीक. पण 2020च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यावर वर्षभराने, पहलगाम भागात बकरवालांचे आणि गुज्जरांचे कोठे पाडल्याच्या बातम्या आल्या. त्यांना अतिक्रमण म्हटलं गेलं. ज्या माणसाचा मुक्काम तीन महिन्यांचा, त्याने तिथला पुरावा आणायचा कुठून? सातबारा तर ढोकला नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. शेळ्या कोवळी झाडं खातात, एकाच कुरणात फार जनावरं आली की गवताची मुळं उघडी पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मग कुरणं कमी का झाली, हेही विचारावं लागेल. कुंपणं पडली, सीमेजवळच्या काही जागा बंद झाल्या, हॉटेलं आली, आणि उरलेल्या जागेत तेवढीच जनावरं दाटली. सातसरच्या वाटेवर मी एका ओढ्यात बिस्किटांची वेष्टनं आणि ओले टिश्यू पेपर मोजायचं थांबवलं, ते बकरवालांनी टाकलेले नव्हते. मेंढी पाणी पिते तोच ओढा आमच्या तंबूंचं सांडपाणी घेऊन खाली जात होता. पर्यावरणाच्या नावाने कळप थांबवायचा आणि त्याच खोऱ्यात तंबूंची संख्या वाढू द्यायची, हा न्याय मला पटत नाही.

महाराष्ट्राला हे नवीन वाटू नये. दिवाळीनंतर फलटण-माणच्या बाजूचे धनगर वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणात शेतात मेंढ्या बसवतात, पावसाआधी परत चढतात. तेही वनखात्याशी झगडत, दंड भरत, कुरणावरून गावकऱ्यांचे बोल ऐकत चालतात. नाणेघाटापासून वरंध्यापर्यंत आपण ज्या घाटवाटा ‘शोधून’ काढतो, त्यांतल्या कितीतरी अशाच माणसांनी आणि जनावरांनी मळवलेल्या आहेत. बकरवाल समजून घ्यायला मराठी माणसाला काश्मीरचा तज्ज्ञ व्हावं लागत नाही. धनगर ठाऊक असला तरी पुरतं.

आता थोडं आपल्या लोकांशी. या ट्रेकमध्ये एका सहप्रवाशाने मला प्रेमाने विचारलं, ‘तुमच्यात ट्रेकिंग करतात का हो?’ घरी निघताना मोहल्ल्यात विचारलं होतं, ‘पैसे देऊन चालायला कशाला जायचं?’ दोन्ही प्रश्नांत एकच समजूत आहे, की डोंगर हे आपल्या वाट्याचं काम नाही. खरं तर देशातल्या मुसलमानांतला एक मोठा समाज डोंगर चालण्यावरच जगतो. अल्लाहच्या प्रत्येक पैगंबराने मेंढ्या राखल्या, अशा अर्थाची हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि चपला घालून घरी येतो. काश्मीरवर आपल्याकडे सभा होतात, ठराव होतात. त्यांत खोऱ्यातली शहरं असतात, कलमं असतात, बकरवाल क्वचितच असतात. काश्मीरच्या राजकारणातही ते कडेलाच राहिले. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिराचं नाव आहे, आणि दरवर्षी रमजानमध्ये त्याचा अर्थ ‘प्रवासात अडकलेला माणूस’ एवढाच सांगून आपण पुढे जातो. फिरत्या शाळेला शिक्षक नाही, बाळंतिणीला दोन दिवसांच्या अंतरावर दवाखाना नाही, अशा वाटेवरच्या कुटुंबांपर्यंत त्यातलं काही पोहोचवता येईल का, हे आपल्या उलेमांनी सांगावं. मला तरी ते योग्य वाटतं.

ट्रेक नेणाऱ्यांकडून माझ्या मागण्या फार नाहीत. तंबू ज्या कुरणात लागतात, तिथल्या ढोकवाल्यांना मोसमाचं भाडं द्यावं, ते परवान्याच्या फीत लपवू नये. दूध, लोणी, लाकूड त्यांच्याकडून घेतलं तर बाजारभावाने घ्यावं. कचरा परत आणण्याची जबाबदारी घोडेवाल्यावर न टाकता प्रत्येकाच्या पाठीवर ठेवावी. पहिल्या संध्याकाळी सूचना देताना हवामान आणि ऑक्सिजनबरोबर पाच मिनिटं बकरवालांबद्दल बोलावं, आणि विचारल्याशिवाय मुलींचे फोटो काढू नयेत हे सांगावं. आणि सरकारकडे एकच: 2006च्या कायद्याने दिलेला सामूहिक चराईहक्क ढोकनिहाय नोंदवावा, आणि ती नोंदणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर कुरणांत जाऊन करावी. हिवाळ्यात जिल्ह्याच्या कचेरीत बसून केली, तर ज्या जागेचा हक्क नोंदवायचा तिच्यावर दहा फूट बर्फ असतो.