किंमत का उतरली, ते आधी विचारा

दिवाळीच्या तोंडावर गेमिंग कन्सोलच्या सेलच्या जाहिराती मोबाईलवर येऊ लागतात आणि वाघबीळपासून कोडोलीपर्यंत घराघरांत पोरं हट्टाला पेटतात. उसाचं बिल जमा झालेलं असेल तर घेऊन टाकावं असं थोरांनाही वाटतं. घ्या, पण पैसे भरण्याआधी किंमत का उतरली ते विचारा.

एका कंपनीने दर पाडला की दुसरीचा कन्सोल अचानक महाग वाटू लागतो. खरं तर त्याच्यात काडीचाही बदल झालेला नसतो. दर पडण्याची कारणंही सारखी नसतात. सेगाचा ड्रीमकास्ट २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत आला, तो कंपनीने उत्पादन बंद करायचं ठरवल्यामुळे. निन्टेन्डोचा थ्रीडीएस २०११ मध्ये पाच महिन्यांतच २५० डॉलरवरून १७० वर आला, पण पुढे साडेसात कोटींच्या घरात खपला. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तर फक्त कर कमी झाला होता.

सगळ्यात जपायचं ते स्वस्त मॉडेलपाशी. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा डिस्कचा ४९,९९० रुपयांना होता आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला. दहा हजार वाचले असं वाटतं. पण बिनडिस्कच्या कन्सोलवर प्रत्येक गेम नेटवरून उतरवावा लागतो आणि मोठा गेम पन्नास-शंभर जीबीचा असतो. ज्यांचं सगळं मोबाईल डेटावर चालतं, त्यांनी हे आधी पाहावं. शिवाय जुनी डिस्क स्वस्तात घेणं, खेळून झाली की विकणं, मित्राशी अदलाबदल करणं, हे सगळं बंद. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो, म्हणजे दोन-तीन गेममध्येच ते दहा हजार संपतात. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. कन्सोलच्या विक्रीत आपण कधीच नफा कमावला नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात सांगितलं. कमाई गेम आणि वर्गणीतून होते.

म्हणून खरेदीआधी पोराला जवळ बसवा. त्याला कोणते गेम खेळायचे आहेत, त्याच्या मित्रांकडे कोणता कन्सोल आहे, हे कागदावर लिहून घ्या. वर्षभराचे गेम, वर्गणी आणि नेटचा खर्च कन्सोलच्या किमतीत मिळवा, आणि दोन कंपन्यांची तुलना त्या बेरजेवर करा.