अमर्याद जमीन आणि नाण्यावाचूनचा बाजार

‘भांडवल’च्या पहिल्या खंडावरील अभ्यासवर्ग पैशाच्या प्रकरणापाशी आला की हमखास अडतो. पैसा ही माणसांनी सोयीसाठी योजलेली युक्ती आहे, आणि युक्तीच असेल तर एखाद्या फर्मानाने ती मोडीतही काढता येईल, असे कोणीतरी मांडतो. क्रयवस्तूंच्या विनिमयातून पैसा अपरिहार्यपणे निपजतो, हे मार्क्सचे प्रतिपादन दुसरा कोणी वाचून दाखवतो. आणि वीस वार लिनन व एक कोट यांच्या समीकरणाशी येईतो अर्धा वर्ग पेंगू लागतो. मागे अशाच एका वर्गात अडलेली चर्चा एका तरुण साथीने पुढे नेली, परंतु ज्या उदाहरणाने नेली ते ऐकून ज्येष्ठ साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने संगणकावरील एका खेळाचे नाव घेतले. हा रिकामटेकड्यांचा उद्योग अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न आला आणि विषय तेथेच मिटला.

तो मिटायला नको होता, असे मला वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हापासून आपल्याकडे ‘ऑनलाइन खेळ’ म्हटले की जुगार एवढाच अर्थ घेतला जातो. येथे प्रश्न जुगाराचा नाही. लक्षावधी माणसे ज्या कल्पित प्रदेशात रोज तासन् तास वावरतात, कष्टतात, देवघेव करतात, तेथे कोणते सामाजिक संबंध निर्माण होतात, हा प्रश्न आहे, आणि तो आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा खचित नाही.

खेळाचे नाव ‘पाथ ऑफ एक्झाइल’. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातल्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीने तो ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसृत केला. (नावाचा अनुवाद ‘हद्दपारीची वाट’ असा करावा लागेल. ‘तडीपारीची वाट’ हा जिवंत मराठी शब्द माझ्या लेखणीवर प्रथम आला होता, पण तो वाचून आपले अनेक साथी पोलिसी नोटिशीचीच आठवण काढतील.) खेळणारा एक पात्र निवडतो. त्या पात्राला व्रेक्लास्ट नावाच्या शापित भूखंडावर हद्दपार करून टाकलेले असते, आणि तेथील राक्षसांशी लढत, वाटेत पडलेली शस्त्रे, चिलखते, अंगठ्या वेचत ते वाढत जाते. मी स्वतः हे करून पाहिले; माझे पात्र पहिल्याच किनाऱ्यावर चार वेळा मेले, तेव्हा खेळाच्या कौशल्याबद्दल मी अधिकारवाणीने काही सांगू शकत नाही.

दोन गोष्टी मात्र नवख्यालाही दिसतात. पहिली, पात्राच्या वाढीला जवळजवळ कुंपण नाही. तेराशेहून अधिक गाठींचा एकच विशाल कौशल्यवृक्ष सर्वांसाठी आहे. योद्धा एका बाजूने आत शिरतो, चेटकीण दुसऱ्या बाजूने. पण कोणीही कोणत्याही फांदीकडे वळू शकतो. श्रमविभागणीच्या जोखडातून सुटलेल्या सर्वांगीण मनुष्याचे जे चित्र तरुण मार्क्स-एंगेल्सनी रेखाटले, त्याची ही विकृत छाया म्हणावी काय? दिवसभर एकाच पडद्यावर एकच तक्ता भरणारा कारकून रात्री असे सर्वांगीण पात्र वाढवत बसतो. त्याला हसण्याआधी, त्याच्यातली ही भूक कशाची आहे ते आपण विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तेथील भूमी कोणी हाताने आखलेली नाही. तुम्ही एखाद्या गुहेत वा अरण्यात शिरलात की संगणकाचा कार्यक्रम त्या क्षणी, ठरीव नियमांच्या आत फासे टाकून, तिची मांडणी करतो. वाटा, भिंती, शत्रूंचे जथे, सर्व काही तुमच्यापुरते नव्याने घडते. दुसरा खेळणारा त्याच नावाच्या अरण्यात शिरला तर त्याला त्याचे वेगळे अरण्य मिळते. पुढच्या टप्प्यांवर नवी भूमी उघडण्यासाठी ‘नकाशा’ नावाची वस्तू खर्चावी लागते, हे खरे. परंतु तो नकाशाही अशाच भूमीत पडलेला सापडतो. जमिनीतूनच पुढल्या जमिनीची सनद उगवते. अर्थात येथे जमीन अक्षय आहे, आणि कोणाचीही मालकी तिच्यावर बसू शकत नाही.

आता बाजाराकडे वळू. खेळ रचणाऱ्यांनी त्यात नाणे ठेवलेच नव्हते. याला पूर्वानुभव कारण होता. २००० साली आलेल्या ‘डायब्लो २’ या खेळात सोन्याची नाणी होती, पण ती इतकी मुबलक झाली की खेळणाऱ्यांनी त्यांना देवघेवीत किंमत देणेच सोडले, आणि ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची एक उपयुक्त अंगठी चलन म्हणून वापरू लागले. ऑकलंडच्या रचनाकारांनी म्हणून नाणेच काढून टाकले. त्यांच्या गावातल्या दुकानदाराला वस्तू विकली तर तो मोबदल्यात कागदाचे तुकडे आणि मण्यांचे चुरे देतो. मणी अनेक प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा उपयोग आहे. अल्केमी मणी साध्या वस्तूला दुर्मिळ करतो. केऑस मणी दुर्मिळ वस्तूचे सर्व गुण पुसून नवे पाडतो. एक्झाल्टेड मणी तिला आणखी एक गुण जोडतो, तर डिव्हाइन मणी असलेल्या गुणांचे आकडे पुन्हा ठरवतो. मणी वापरला की संपला. सारांश, निव्वळ उपयोगमूल्ये. पैसा कोठेही नाही.

आणि तरीही पैसा आला. ज्याला धनुष्य सापडले त्याला गदा हवी होती, पण गदावाल्याला धनुष्य नको होते. मग जो मणी सर्वांनाच लागतो, पुरेसा दुर्मिळ आहे, साठवायला सोपा आहे आणि ज्याचा प्रत्येक नग दुसऱ्या नगासारखाच आहे, त्याच्यात सर्वांचे भाव सांगितले जाऊ लागले. किरकोळ व्यवहार केऑस मण्यांत, मोठे व्यवहार एक्झाल्टेड मण्यांत. हे कोणत्या सभेत ठरले? कोणत्याच नाही. जो साथी अभ्यासवर्गात पेंगतो त्याला मी हे दाखवीन: सार्वत्रिक सममूल्य ही क्रयवस्तूच असावी लागते, तिला स्वतःचा उपयोग असावा लागतो, आणि खाजगी उत्पादक आपापला माल घेऊन समोरासमोर आले की त्यांच्या पाठीमागे तिची निवड होऊन जाते.

याचा पडताळाही त्याच खेळात आहे. ज्याला देवघेव नको त्याला एकट्याने, केवळ स्वतः वेचलेल्या वस्तूंवर खेळण्याची स्वतंत्र सोय आहे. त्या विभागात तोच केऑस मणी निव्वळ हत्यार होऊन राहतो. त्यात कोणी भाव सांगत नाही, तो कोणी साठेबाजीसाठी धरून ठेवत नाही. मण्यात बदल झालेला नसतो. खेळणाऱ्यांमधला संबंध तेवढा नाहीसा झालेला असतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक गंमत झाली. कंपनीने वस्तू घडवण्याच्या काही महत्त्वाच्या कामांना लागणारा एक्झाल्टेड मणी बदलून तेथे डिव्हाइन मणी लावला. भाव कोणत्या मण्यात सांगावेत याविषयी खेळणाऱ्यांवर कोणतीही सक्ती केली नव्हती. बदलला होता तो केवळ उपयोग. तेवढ्याने मोठे व्यवहार डिव्हाइन मण्यांत होऊ लागले आणि कालपर्यंतचे ‘सोने’ पदच्युत झाले.

येथवर चर्चा पैशाची झाली. माझ्या मते खरा मुद्दा याच्या पुढे आहे. दर तीन-चार महिन्यांनी या खेळात नवे पर्व सुरू होते आणि त्यात सर्वजण रिकाम्या हातांनी उतरतात. भांडवलदारांचे अर्थशास्त्रज्ञ प्राथमिक संचयाची जी बोधकथा सांगत आले, की आरंभी सारे सारखेच होते, उद्योगी माणसांनी साठवले आणि आळशांनी उधळले, ती कथा इतिहासात कोठेही घडली नाही. येथे मात्र ती दर पर्वाला अक्षरशः घडवून आणली जाते. काही दिवसांत विषमता प्रचंड वाढते. कोणाजवळ हजारो मणी असतात, कोणी एकेका मण्यासाठी घासाघीस करीत असतो. बोधकथेप्रमाणे पुढे काय व्हायला हवे? उधळ्याने संचय करणाऱ्याच्या दारात मजुरीला उभे राहिले पाहिजे.

तसे होत नाही. वस्तू घडवून देणारे, अवघड शत्रू मारून देणारे आहेत आणि ते त्याचे मणी घेतात; पण ते कारागीर म्हणून, स्वतःच्या हत्यारांनी. दिवसभर दुसऱ्यासाठी राबून सारे उत्पन्न त्याच्या हवाली करणारा मजूर या खेळाच्या अर्थव्यवस्थेतून उपजत नाही. कारण उघड आहे. ज्याला स्वतःचे अरण्य केव्हाही फुकट मिळते, तो दुसऱ्याच्या अरण्यात मजुरी का करील?

‘भांडवल’च्या पहिल्या खंडाचे अखेरचे प्रकरण नेमके याच प्रश्नावर आहे, आणि अभ्यासवर्ग तेथवर सहसा पोहोचत नाहीत. त्यात मार्क्सने एडवर्ड गिबन वेकफील्ड या इंग्रज वसाहतवादी लेखकाचा समाचार घेतला आहे. एका धनिकाच्या मुलीला फसवून पळवल्याबद्दल हा गृहस्थ लंडनच्या न्यूगेट तुरुंगात होता, आणि तेथे बसून त्याने, सिडनी डोळ्यांनी न पाहता, सिडनीहून लिहिल्याच्या थाटात वसाहतींवर पुस्तक लिहिले. परंतु त्याला एक सत्य दिसले होते. पील नावाच्या भांडवलदाराने पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान नदीच्या काठी पन्नास हजार पौंडांची सामग्री आणि कामगारांचा जथा नेला. तेथे पोहोचल्यावर कामगार आपापल्या वाटेने निघून गेले, कारण जमीन विपुल होती. पीलजवळ सर्व काही होते, भांडवल मात्र उरले नाही. वेकफील्डचा उपाय असा, की सरकारने पडीक जमिनीला कृत्रिम, चढी किंमत लावावी, म्हणजे ती विकत घेण्याइतकी बचत होईतो आलेल्या माणसाला मजुरी करावीच लागेल. (ती जमीन ‘पडीक’ वा ‘मोकळी’ नव्हती. ती तेथील मूळ रहिवाशांची होती, हे वेकफील्डला सोयीस्करपणे दिसले नाही.) हाच वेकफील्ड पुढे न्यूझीलंड कंपनीचा सूत्रधार झाला. त्या कंपनीने १८४० साली वेलिंग्टनची वसाहत उभी केली, आणि १८६२ साली तो तेथेच वारला. अमर्याद जमिनीचा हा खेळ नेमका त्याच देशात रचला जावा, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

योगायोग येथेच संपत नाही. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या पर्वात कंपनीने अखेर खेळात सोने आणले. हे सोने खेळणाऱ्यांना एकमेकांना देता येत नाही. मण्यांच्या अदलाबदलीसाठी जो नवा बाजार उघडला, तेथे ते शुल्क म्हणून भरावे लागते. आणि त्याच पर्वात प्रत्येक खेळणाऱ्याला एक वसाहत उभारायची होती, तिच्यात खाणकामगार, शेतकरी, खलाशी कामाला ठेवून त्यांना ताशी मजुरी द्यायची होती, तीही याच सोन्यात. तिजोरी रिकामी झाली की काम थांबते. हे मजूर कोण? संगणकाने निर्मिलेली पात्रे. हाडामांसाचा एकही खेळणारा ज्या नोकरीला आला नसता, तिच्यासाठी जमीन नसलेला माणूस कंपनीला मुद्दाम घडवावा लागला.

मग भांडवल कोठे आहे? ते दारात उभे आहे. खेळ फुकट आहे. त्यातील भूमीही फुकट आहे. परंतु आपला माल भाव लावून सोयीने सर्वांपुढे मांडायचा असेल तर खास कोठाराची जागा खऱ्या पैशाने विकत घ्यावी लागते. शेतावर खंड नाही, बाजारातल्या गाळ्यावर आहे. आणि २०१८ साली या कंपनीतील बहुसंख्य भाग चीनमधील टेन्सेंट या बलाढ्य कंपनीने घेतला. तेव्हा गाळ्याचे भाडे अखेर कोठे जाते ते सांगायला नको.

एक आक्षेप राहतो, आणि तो बळकट आहे. खेळातील संपत्ती खऱ्या पैशांना विकण्यासाठी मजूर लावले जातात, हे जगजाहीर आहे. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्येही कंपनीची मनाई असून असा चोरटा व्यापार चालतो. मग मजूर उपजत नाही हे म्हणणे कसे टिकते? याचे सर्वांत तपशीलवार वर्णन वेगळ्या खेळाबद्दलचे आहे, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’बद्दलचे. त्यातील भूमी हाताने आखलेली व सर्वांना सामाईक आहे, तरी मुद्द्याला बाध येत नाही. जून २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत जुलियन डिबेल या पत्रकाराने नानजिंग शहरातील एका खोलीची हकिगत लिहिली. तेथे तरुण कामगार बारा-बारा तासांच्या रात्रपाळीत खेळातील सोने गोळा करीत. शंभर नाण्यांमागे कामगाराला सुमारे सव्वा डॉलर मिळे, म्हणजे ताशी तीस सेंटच्या आसपास. मालक तीच नाणी तीन डॉलर वा अधिक भावाने व्यापाऱ्याला देई, आणि अखेरचा ग्राहक त्यांना वीस डॉलरपर्यंत मोजी.

हा मजूर खेळाच्या भूमीवर दरिद्री झालेला नव्हता. तो दरिद्री होऊनच तेथे आला होता. राक्षस मारायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. पण तांदूळ, खोलीचे भाडे, संगणक आणि वीज या गोष्टी त्या भूमीवर पिकत नाहीत, आणि संगणक मालकाचा होता. त्याच हकिगतीत डिबेलने आणखी एक गोष्ट नोंदली आहे. पाळी संपल्यावर यांपैकी काही जण विश्रांतीसाठी पुन्हा तोच खेळ खेळत, स्वतःच्या पात्रासह, स्वतःच्या वेळात.