हांकेस ओ कोणी द्यावी?



संगणकाचा पडदा अकस्मात् थिजला कीं आपण यंत्र बंद करून पुन्हां चालू करितों, आणि तें चालूं लागलें म्हणजे आपलें समाधान होतें. दोष कोठें होता, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. तें विचारण्याची संवय लागावी, एवढेंच ह्या लेखाचें मागणें आहे.

पडद्यावर चित्र काढणारें ग्राफिक्स कार्ड आपलें काम पुरें झालें म्हणजे प्रोसेसरला हांक मारितें. ह्या हांकेस 'इंटरप्ट' म्हणतात. हांक आपल्याच कार्डाची आहे काय हें पाहून तिला ओ देणें व कार्डांतील तिची खूण पुसणें, हें काम 'ड्रायव्हर' नांवाच्या प्रोग्रॅमचें. जुन्या संगणकांत पुष्कळदां दोन-तीन उपकरणें एकाच तारेवरून हांक मारितात. तीन वर्गांस मिळून एकच घंटा असावी, तसें. ड्रायव्हरनें खूण पुसण्यांत चूक केली, तर ही घंटा वाजतच राहते. लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, अशा हांका मोजीत असतो. १,००,००० हांकांपैकीं ९९,९०० हून अधिक हांका कोणीच आपल्या मानल्या नाहींत, तर 'कोणींही पर्वा केली नाहीं' अशा अर्थाचा शेरा लिहून तो ती तार बंद करितो. मग त्याच तारेवरील निरपराध उपकरणही मंदावतें किंवा मुकें होतें. एकाच्या हयगयीचा दंड शेजाऱ्यास!

ह्यावर मार्ग दोन. प्रत्येक बेवारस हांकेस सर्व ड्रायव्हरांस विचारीत फिरण्याची आज्ञा कर्नेलला देतां येते. पण ती मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे ड्रायव्हरचा मूळ मजकूर वाचून चुकलेल्या ओळी सुधारणें. तो मजकूर खुला असेल तरच हें शक्य होतें. एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डांची माहिती बंद असतां स्वयंसेवकांनीं बाहेरून अभ्यास करून 'नूवो' हा ड्रायव्हर रचिला. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.३३ मध्यें तो समाविष्ट झाला. पुढें २०२२ सालीं त्या कंपनीनेंही आपल्या कर्नेल-ड्रायव्हरचा मजकूर खुला केला.

पालक म्हणतील, गुहागरच्या मुलांस ह्या उठाठेवी कशास? माझें उत्तर असें कीं, ज्यास जुन्या संगणकावरच भागवावें लागतें, त्यासच दुरुस्तीची विद्या अधिक हवी. लिनक्सचा मजकूर विनामूल्य मिळतो. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतूनही आहेत. लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं लिनक्सची पहिली वार्ता जगास दिली, तेव्हां ते हेलसिंकीचे एकवीस वर्षांचे विद्यार्थीच होते.

ह्या कामांत शिस्तही आहे. दुरुस्ती पाठविणाऱ्यास दोषाचें कारण लिहून खालीं आपलें नांव घालावें लागतें; जाणते लोक ती तपासतात, प्रसंगीं परतही पाठवितात. केवळ प्रमाणपत्रानें ही शिस्त अंगीं बाणत नाहीं. म्हणून मुलांनो, पुढच्या वेळीं पडदा थिजला तर बटण दाबा. पण यंत्र सुरू झाल्यावर नोंदवहींत कर्नेलनें काय लिहिलें आहे, तें अवश्य वाचा.