डबा जुना, मेंदू नवा!

लॅपटॉप कंपनीचा, फोन ईएमआयवरचा. खऱ्या अर्थाने आपला असा एकच, टेबलाखालचा डेस्कटॉप! कॉलेजात असताना घरच्यांच्या मागे लागून असेंबल करून घेतलेला. आता नवा गेम टाकला की तो धापा टाकतो आणि आपण त्याला भंगारात काढायला निघतो. जरा थांबा ना, बॉस!

माझा डबा 2018चा. रायझन 5 2600, बी450 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून शनिवारी रात्रीचं काउंटर-स्ट्राइक हीच आमची भेट. फोनवर ‘हो, जेवलो’च्या पुढे न जाणारा हा मुलगा हेडफोन चढवला की मॅनेजरपासून ब्रेकअपपर्यंत सगळं सांगतो. पण 2023मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 आला आणि ऐन धुमश्चक्रीत माझं चित्र अडखळायला लागलं. ‘ताई, तू राहू दे आज.’ म्हणजे भेटच कॅन्सल!

बर्डीवर विचारलं तर एकच सल्ला, ‘मॅडम, पूर्ण सेटच नवीन घ्या ना.’ नवीन सेट म्हणजे नवा बोर्ड, नवी डीडीआर5 रॅम. त्यात 2025च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी पळवली आणि रॅमचे भाव भडकले. चेकची वाट बघत बसणाऱ्या फ्रीलान्सरने काय करावं?

तर पहिला फंडा, आधी दुखणं शोधा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. 99 टक्के? मग थकलंय ते कार्ड, प्रोसेसर बदलून काही होणार नाही. कार्ड निवांत बसलंय आणि रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम्स वाढत नाहीत? मग गुन्हेगार प्रोसेसर. माझ्याकडे तोच निघाला.

दुसरा, सॉकेट. एएमडीच्या एएम4 सॉकेटमुळे माझ्या बोर्डवर 2022चा रायझन 5 5600 बसतो. कोअर तेवढेच सहा, वॉट तेवढेच 65, पण कोअर चपळ आणि एल3 कॅश 16 ऐवजी 32 एमबी. इंटेलवाल्यांनो, जपून! सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बोर्डवर आठव्या जनरेशनची चिप आकाराने बसते, पण चालत नाही.

तिसरा, बायोस. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, तेही यूपीएसवर. मध्येच लाइन गेली तर बोर्ड मेलाच समजा.

चौथा, घाई नको. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग वरचा हीटसिंक हलकेच फिरवत सोडवा. गार पेस्टसकट ओढलात तर प्रोसेसर उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. नवा बसवताना थर्मल पेस्टही नवी.

आणि खास नागपुरी फंडा. 23 मे 2013ला आपण 47.9 अंश सोसलेत. हीटसिंकचा पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली तापली की तोही तापणार. उन्हाळ्याआधी धूळ साफ करा, कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवा. पण म्हणून त्याला कूलरच्या तोंडाशी बसवू नका हं! उडणाऱ्या थेंबांतले क्षार बोर्डवर साचतात.

माझी रॅम तीच, बोर्ड तोच, कॅबिनेटवरचे स्टिकर्सही तेच. फक्त शनिवारी रात्री ‘ताई, राहू दे’ ऐकू येत नाही. आता हरले तर बहाणा कोणता सांगू, एवढाच प्रश्न आहे!